धुकं पाळणारे काकाजी

आरमोरीहून चंद्रपूरला जाणाऱ्या एसटीत, मांडीवर धानाच्या तणसाची पेंढी घेऊन बसलेली नर्स तुम्ही कधी पाहिली असेल, तर ती मीच. कंडक्टर पेंढीकडे बोट दाखवून विचारायचा, "हिचं हाफ काढू का फुल?" शेजारच्या बाया साडीवरचा भुसा झटकत सरकून बसायच्या. एकदा नागभीडच्या स्टॅण्डवर चहा प्यायला उतरले, तर काखेतल्या पेंढीला मागून एका गाईनं तोंड घातलं. अख्ख्या स्टॅण्डसमोर मी सरकारी ओळखपत्र गळ्यात घालून गाईशी ओढाताण केली आणि पाऊण पेंढी वाचवली. हे सगळं माझ्या घरमालकासाठी. आणि घरमालकाकडे गाय, म्हैस, बैल यातलं काहीही नव्हतं.

माझे बाबा धानाचे शेतकरी. पहिल्यांदा मी त्यांना म्हटलं की मला तणीस पाहिजे, पण ट्रॅक्टरखाली चेंगरलेलं नको, हातानं झोडपलेलं पाहिजे, काडीची नळी अख्खी राहिली पाहिजे, तेव्हा त्यांनी बिडी खाली ठेवली.

"तुझा घरमालक काय पाळते वं? गाय का म्हैस?"

"धुकं पाळतात बाबा."

"मंग धुकं तणीस खाते का?"

"खात नाही. त्यातून जातं."

बाबांनी बिडी पुन्हा उचलली. मग आत आईला म्हणाले, "पोरीची बदली करून घेतली पाह्यजे." तरी दरवर्षी दिवाळीनंतर ते एक पेंढी वेगळी झोडपून माळ्यावर ठेवायचे. विचित्र माणसाचं वेड असं लांबच्या माणसालाही कामाला लावतं.

मी तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका कोळसा खाणीशेजारी, नव्यानं वसवलेल्या गावात उपकेंद्रावर नर्स होते. मूळ गाव खाणीत गेलेलं. नवं गाव म्हणजे पट्टीनं आखलेले रस्ते, एकसारखे प्लॉट, एकसारख्या भिंती. पण दारं मात्र सगळी जुनी आणि एकमेकांशी न जुळणारी. गाव सोडताना लोकांनी आपापल्या घराचं दार चौकटीसकट काढून बैलगाडीवर घालून आणलं होतं आणि नव्या विटांत बसवलं होतं. एखाद्या ठेंगण्या घराला हे उंच सागवानी दार, वरचं फूटभर लाकूड छपराच्या वर गेलेलं. पहिल्या दिवशी मला हसू आलं. नंतर कळलं तेव्हा लाज वाटली.

मला खोली मिळाली ती काकाजींच्या घरी. नाव सांगत नाही, तिकडे वडीलधाऱ्या माणसाला काकाजी म्हणतात तेवढं पुरे. उंच, वाळकुडे, दिवाळीपासून होळीपर्यंत गळ्यात तोच तपकिरी मफलर. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. पहाटे उठून ते अंगणात यायचे आणि चष्मा काढून हवेत धरायचे. काचेवर किती वेळात दव धरतं ते पाहायचे आणि मग त्या दिवसाचा निकाल जाहीर करायचे. "आज बारीक हाय." "आज दाट हाय, पण ओलं हाय." हवामान खात्याला असा चष्मा मिळाला असता तर बरं झालं असतं.

थंडीत भेटणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे ते टक लावून पाहायचे. मला वाटलं होतं, दात पाहतात. तर ते वाफ पाहत असायचे. "सिस्टरबाई, तुमची वाफ सरळ निघते. आमच्या सरपंचाची पाहा, सारी उधळलेली." हा त्यांचा माणूस ओळखायचा मार्ग होता, आणि सांगायला वाईट वाटतं, पण सरपंचाच्या बाबतीत तो बरोबर निघाला.

काकू कुकर लावायच्या तेव्हा काकाजी स्वयंपाकघरात मोबाइलचा टॉर्च घेऊन उभे. काचेच्या तुकड्यावर काळ्या शाईनं पान, बदक, बैल असं काहीबाही काढलेलं, ते टॉर्चपुढे धरायचे. शिटी झाली की वाफेत क्षणभर बैल उभा राहायचा आणि विरायचा. काकू कपाळाला हात लावायच्या. "माहा सारा संसार वाफेवर चालू हाय, सिस्टर." असं म्हणायच्या आणि तरी एक शिटी जास्त होऊ द्यायच्या. तो भात नेहमी गिचका व्हायचा, मीही खाल्लाय.

हे वेड त्यांना खाणीतूनच लागलं. जमीन गेली त्याच्या बदल्यात त्यांना खाणीत नोकरी मिळाली, ती धूळ बसवायच्या गाडीवर. कोळशाच्या ढिगाऱ्यावर पाण्याचं बारीक धुकं उडवणारं एक मोठं यंत्र असतं, गाडीवर बसवलेलं, तोंड तोफेसारखं. कामगार त्याला तोफच म्हणत. काकाजींनी निवृत्त होईपर्यंत ती तोफ चालवली. एका संध्याकाळी समोरून कोळशाचा डंपर आला, त्याच्या दिव्याच्या काचेला सागाचं वाळकं पान चिकटलेलं. तोफेच्या धुक्यावर उजेड पडला आणि पान हवेत उभं राहिलं. डंपरपेक्षा मोठं, शिरांसकट.

"ड्रायव्हरले म्हटलं, थांब बे, दिवा बंद नोको करू," काकाजी सांगायचे. "थो म्हणे, काकाजी, मांगं लाइन लागली हाय. मी म्हटलं, लागू दे लाइन. पान पाह्य." मागच्या डंपरवाल्यांनी जे काही म्हटलं ते काकाजी मला सांगत नसत, मी बाईमाणूस म्हणून.

निवृत्तीनंतर त्यांनी घरी स्वतःची तोफ केली, आणि तीच मी पाहिलेली सगळ्यात अजब वस्तू. पाण्यात बुडवायच्या छोट्या चकत्या मिळतात, वीज दिली की पाण्याचं थंड धुकं करतात. तशा चकत्या एका पिंपात टाकायच्या. पिंपातलं धुकं संगणकाच्या जुन्या पंख्यांनी ढकलून वर टांगलेल्या लांबट पेटीत न्यायचं आणि पेटीच्या बुडातून ते खाली पडद्यासारखं सोडायचं. मागून प्रोजेक्टरचा उजेड. मग चित्र कापडावर नाही, भिंतीवर नाही, नुसतं हवेत. आरपार हात घाला, हात पलीकडे.

पण पंख्याचा वारा उधळलेला असतो. त्यात धुकं गरगरतं आणि चित्र फाटतं. म्हणून पेटीच्या बुडाशी हजारो बारीक नळ्या उभ्या ठासून भराव्या लागतात. त्यातून जाताना वारा सरळ होतो. आधी काकाजी शीतपेयाच्या प्लास्टिकच्या नळ्या वापरत. त्या बाजारात मिळेनाशा झाल्या. त्याच आठवड्यात मी बोलता बोलता म्हटलं की आमच्याकडे धानाची काडी पोकळ असते, आम्ही लहानपणी तिच्या पिपाण्या करायचो. ते बोलणं मला केवढ्याला पडलं ते सुरुवातीला सांगितलंच. त्यांच्या गावाकडे कापूस आणि सोयाबीन, धान नाही. "कपाशीच्या पऱ्हाटीतून वारा जाते का?" ते मला विचारायचे, जणू कापूस लावून त्यांच्या पूर्वजांनी मोठीच चूक केली होती.

संध्याकाळी उपकेंद्र बंद करून आले की मी, काकू आणि काकाजी ओसरीवर काड्या कापत बसायचो. चार बोटं लांब, एक तसूभर कमी नाही की जास्त नाही, आणि मधे गाठ नको, कारण गाठीला काडी बंद असते. माझी ड्रेसिंगची कात्री त्यातच बोथट झाली. महिनाभरात काड्या ओलाव्यानं मऊ पडायच्या, मग नव्या. एकदा मी आठ दिवस सुट्टीवर होते, परतले तर पेटीच्या बुडाला पांढऱ्या सात्या उगवलेल्या, म्हणजे आपल्या अळंब्या. काकाजींनी खिन्न होऊन पेटी उघडली. काकूंनी मुकाट्यानं त्या खुडल्या आणि भाजी केली. "इतक्या वर्सांत यंत्रानं पह्यल्यांदा घराले काई देल्लं," असं त्या म्हणाल्या.

उन्हाळ्यात मात्र काकाजींचं काही चालायचं नाही. चंद्रपूरचं ऊन काय चीज आहे ते ज्यानं सोसलं त्यालाच ठाऊक. पेटीतून धुकं निघायचं आणि वीतभर खाली येईस्तोवर नाहीसं व्हायचं. चैत्र लागला की ते पेटीवर गोणपाट घालायचे, मफलर घडी करून ट्रंकेत ठेवायचे आणि कूलरसमोर तोंड पाडून बसायचे. कुणी बोलवायला आलं तर काकू दारातून सांगायच्या, "होळीपासून सुट्टीवर हायेत."

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. धुक्यावरचं चित्र आपण प्रोजेक्टरच्या बाजूनं पाहत नाही. उजेडाकडे तोंड करून, पलीकडून पाहावं लागतं, तेव्हाच ते उठून दिसतं. त्यामुळे डावं उजवीकडे जातं, उजवं डावीकडे. म्हणून चित्र आधीच उलटं करून सोडायचं, की बघणाऱ्याला सुलटं दिसतं. प्रोजेक्टरच्या रिमोटवर त्यासाठी बटण असतं. हे मी कशी शिकले? गावातल्या बायांनी लोहाच्या गोळ्या घ्याव्यात म्हणून मी हौसेनं एक पाटी तयार केली आणि चौकात काकाजींच्या धुक्यावर दाखवायचा हट्ट धरला. यंत्राला मीच हात लावणार, हाही हट्ट. अक्षरं आली ती सगळी आरशातली. सगळं गाव माना वाकड्या करून वाचत होतं. काकाजी इतके हसले की दोरा तुटून चष्मा पडला. "ही नव्या माणसाची चूक हाय, बाई. मी तोफेवर होतो तवापासून ही चूक केली नाई." मग त्यांनी एक बटण दाबलं आणि अक्षरं जागच्या जागी पालटली. गोळ्यांचा खप मात्र त्या महिन्यात वाढला.

आणि दुसरी गोष्ट. काकाजींचा धुक्याचा पडदा तीन फूट रुंद आणि सहा फूट उंच होता. लग्नाच्या मांडववाल्यांनी कितीदा सांगितलं, मोठा करा, नवरा-नवरी त्यातून येतील. काकाजींचं एकच उत्तर, "याच्यापेक्षा मोठं मले नाई पाह्यजे." मला तो हेकटपणा वाटायचा. एका माणसाला दाराएवढंच धुकं का पाहिजे असेल, हे मला सुचलंच नाही.

नव्या गावातल्या त्या सगळ्या जुन्या दारांत एकच घर असं होतं ज्याला पत्र्याचं दार होतं. ते काकाजींच्या थोरल्या भावाचं. आणि भाऊ सुतार होते, पंचक्रोशीत नावाजलेले. दारावर पंचशील झेंडा, अंगणात रंधा, पटाशी, अर्धवट पलंग, आणि स्वतःच्या घराला खडखडणारा पत्रा. मी त्यांचा रक्तदाब तपासायला आठवड्याला जायचे. दोघा भावांच्या घरांत तीन गल्ल्यांचं अंतर होतं आणि सतरा वर्षांचा अबोला.

कारण मला काकूंनी सांगितलं, काड्या कापता कापता, काकाजी पाण्याला गेले असताना. खाणीचे अधिकारी गावात आले, झाडाखाली टेबल मांडलं, संमतीचे कागद ठेवले. दिवसभर कोणी उठेना. दुपार कलल्यावर काकाजी उठले आणि पहिली सही केली. त्यांना नोकरी पाहिजे होती, दोन मुलींची लग्नं व्हायची होती. त्यांच्या मागे एक उठला, मग दुसरा, मग रांग लागली. भाऊ वडिलांच्या घरात वर्षभर अडून बसले. खाण परसात आली तेव्हा लोकांनी सांगितलं, निदान दार तरी काढून घे. ते दार भाऊंनीच घडवलं होतं, वडिलांनी जपून ठेवलेल्या सागाचं. भाऊ म्हणाले, "दार काहाडलं म्हणजे मीच घर सोडलं." दार त्यांनी काढलं नाही. ते घरासकट गेलं. त्या दिवसापासून भाऊ आपल्या भावाशी बोलले नाहीत आणि स्वतःसाठी दुसरं दार केलं नाही.

"मी नसतो उठलो, तर संध्याकाळी टेबल उचलून गेले असते थे," असं काकाजी एकदाच माझ्यापाशी बोलले. खरं खोटं कोण सांगणार? मी त्यांना तसं म्हटलंही, पण ते चहाच्या वाफेकडे पाहत राहिले.

अबोला म्हणजे कसा, तर उपकेंद्रात एका बाकावर बसूनही भाऊ मला म्हणायचे, "त्याले सांगा, सरक म्हणा." आणि काकाजी मला म्हणायचे, "सरकलो म्हणा." मधे मी, हातात रक्तदाबाचं यंत्र. मलाच वाटायचं माझा तपासून घ्यावा.

पण भाऊंच्या अंगात एक खोड होती. वेडंवाकडं काम डोळ्यांसमोर दिसलं की त्यांना राहवत नसे. मग समोर कोण आहे, बोलचाल आहे की नाही, काही आठवत नसे. गावातल्या एका मयतीत, वीस वर्षांचं बांधाचं भांडण असलेल्या घरी, ते लांब उभे होते. तिरडीचा बांबू उलट्या बाजूनं बांधताना पाहिला आणि ओरडले, "अबे, जाड बूड डोक्याकडं घे ना!" जाऊन स्वतः सोडून पुन्हा बांधला, दोन पोरांना झापलं आणि मग भानावर येऊन परत लांब जाऊन उभे राहिले. लोक रडता रडता हसले. काकाजी तिथेच होते, त्यांनीही हे पाहिलं.

माझ्या मुक्कामाच्या तिसऱ्या हिवाळ्यात बातमी आली की जुनी खाण आता बुजवणार. होळीनंतर मातीचे ट्रक सुरू होणार. गावात कोणाला त्याचं काही वाटलं नाही. काकाजी मात्र दोरी, खुंट्या आणि काकूंची कणीक मोजायची वाटी घेऊन रोज खाणीच्या काठावर जायला लागले. वाटी कशाला, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. निवृत्त कामगार म्हणून चौकीदार त्यांना सोडायचा. समोरच्या टेकडीचं टोक आणि शेजारच्या गावची पाण्याची टाकी, या दोन खुणा धरून ते जुन्या गावाचा हिशेब लावत होते. पोरं खिदळायची, "काकाजी हवा मोजून राह्यले."

एका संध्याकाळी ते धुळीनं माखून आले आणि मला म्हणाले, "सापडलं, बाई. आमच्या घराच्या उंबरठ्याची जागा काठावरच हाय, जमिनीवर. बाकीचं सारं घर हवेत."

हवेत. म्हणजे जिथे त्यांची माय चूल पेटवायची तिथे आता चारी बाजूंनी मोकळं आभाळ, आणि खाली खोल पाणी. जमीनच काढून नेली तर माणूस जागा दाखवणार तरी कशी? मला त्या क्षणी तो तीन बाय सहाचा पडदा कळला. इतकी वर्षं मी काड्या कापत होते आणि काय कापतेय ते मला माहीत नव्हतं.

"माती पडली का मंग जागा बी गेली," काकाजी म्हणाले. "एकदा भावाले दाखवलं पाह्यजे. थो बोलो ना बोलो." हे म्हणताना त्यांचा आवाज असा झाला की काकू उठून आत गेल्या.

अडचण एकच होती. त्या दाराचा फोटो होता, पण जगात एकच, आणि तो भाऊंच्या भिंतीवर. उंबरठ्यावर त्यांची माय तूर निवडत बसलेली, मागे बंद दार. ते चोरायचं काम माझ्यावर आलं. पुढच्या आठवड्यात मी भाऊंच्या दंडाला पट्टा बांधला, त्यांना डोळे मिटून लांब श्वास घ्यायला सांगितलं आणि मोबाइलनं भिंतीवरचा फोटो टिपला. सरकारी नोकरीत मी एवढा एकच गुन्हा केला.

भाऊ डोळे न उघडता म्हणाले, "फोटोचा फोटो काहाडला तुमी."

मी घाईनं पट्टा सोडायला लागले.

"थो खाणीवर दोऱ्या लावून राह्यला, मले मालूम हाय. कवा हाय?"

"रविवारी पहाटे."

"त्याले सांगा, येतो मी. पाहीन आन वापस येईन. बोलणार नाई, हे बी सांगून ठेवा."

मी तसंच सांगितलं. काकाजींनी मान हलवली आणि त्या रात्री पेटीतल्या सगळ्या काड्या काढून नव्या भरायला बसले.

रविवारी उजाडायच्या आधी आम्ही काठावर होतो. खाणीतल्या पाण्यावरून खरं धुकं वर येत होतं, काकाजींच्या चष्म्याचा निकाल आधीच लागला होता: "बारीक, वारा नाई." त्यांनी उंबरठ्याच्या जागी चुन्याची रेघ मारली होती आणि त्याच्या अलीकडे दोरी बांधली होती, कोणी पुढे जाऊ नये म्हणून. दोन बांबूंवर पेटी चढवली. प्रोजेक्टर घेऊन ते स्वतः खाणीच्या पहिल्या पायरीवर उतरले, माणूसभर खाली, उजेड पलीकडून यावा म्हणून. त्यांच्यात आणि आमच्यात तो पडदा. आम्हाला ते दिसत नव्हते, त्यांना आम्ही दिसत नव्हतो.

भाऊ आले. घोंगडी, काठी, तोंड घट्ट मिटलेलं. मी त्यांचा कोपर धरला. काकूंनी घरून आणलेल्या इन्व्हर्टरवर पंखे सुरू केले. पेटीतून धुकं सरळ खाली उतरलं, एक सुरकुती नाही. मग खालून उजेड आला.

दार उभं राहिलं. सागाच्या फळ्या, फळ्यांवरचे खिळे, कडी. खाली उंबरठ्यावर त्यांची माय, डोक्यावर पदर, मांडीत सूप. दाराच्या मागे खोल पोकळी होती आणि दारापुढे चुन्याची रेघ. मी नर्स आहे, बाळं जन्मताना पाहिलीत, माणसं जाताना पाहिलीत, पण असं काही पाहिलं नव्हतं. एक मिनिट गेलं असेल. भाऊंनी काठी फिरवली आणि परत जायला पाऊल उचललं. सांगितल्याप्रमाणे पाहिलं आणि निघाले. काकूंनी पदर तोंडात धरला.

दोन पावलांवर भाऊ थांबले. मान वळवून पुन्हा दाराकडे पाहिलं, डोळे बारीक करून. मी त्यांचा हात सोडला, कारण तो हात आता वर उठला होता.

"अबे!" भाऊ ओरडले, थेट दारातून पलीकडे. "कडी उजवीकडं काऊन हाय बे? मी डावखुरा माणूस, माह्या हातानं केलेलं दार, कडी डावीकडं होती! आन मायचा पदर पाह्य, उलट्या खांद्यावर! माय असा पदर घेत होती का कवा? उलटं लावलं ना बे तू सारं!"

पाण्याचा थेंब पिंपात पडला तेवढा ऐकू आला. मग खालून काकाजींचा आवाज आला, अगदी लहान भावाचा.

"चुकलं, भाऊ."

आणि दार पालटलं. कडी डावीकडे गेली, पदर जागेवर आला. भाऊ पुढे झाले, दोरीपर्यंत. त्यांनी डावा हात लांब करून कडीवर ठेवला. हात पलीकडे गेला, बोटं ओली झाली. ती त्यांनी डोळ्यांना लावली.

"आता बराबर," ते म्हणाले. मग बरेच रडले. खालीही कोणी रडत होतं. मी आणि काकू तर होतोच. पिंपातलं पाणी संपलं, पडदा खालून वर विरत गेला, आणि समोर नुसती खाण उरली, वर लाल आभाळ.

"वर ये आता," भाऊ खाली पाहून म्हणाले. "पाय जपून ठेवजो, गोटे ढिले हायेत. थे पेटी कोनं ठोकली? कोपरे सारे तिरपे हायेत."

होळीनंतर माती पडली. आता तिथे सपाट मैदान आहे, त्यावर लावलेली झाडं. भाऊंच्या घराला पत्र्याचं दार अजून तेच आहे, मी मुद्दाम पाहून आले. पण पेटी त्यांनी नवी केली, सागाची, कोपरे काटकोनात, आणि रोज संध्याकाळी ते काकाजींच्या ओसरीवर यायचे आणि तासभर भांडायचे. पिंप वाकडं, तार लोंबते, काड्या ओल्या. सतरा वर्षांचं साचलेलं होतं, ते असं थोडं थोडं निघत होतं. काकू दोघांसाठी चहा ठेवायच्या आणि वाफ वाया जाऊ द्यायच्या, कारण काकाजींना आता कुकरजवळ उभं राहायला वेळ नव्हता.

माझ्या बदलीचा कागद आला त्या संध्याकाळी मी शेवटची पेंढी सोडून त्यांच्याबरोबर काड्या कापायला बसले. मनात अडकलेलं विचारून टाकलं.

"काकाजी, त्या दिवशी तुम्ही विसरला नव्हता. भाऊ बोलले आणि दार लगेच पालटलं. बोट आधीच बटणावर होतं तुमचं."

त्यांनी काडी उजेडाकडे धरून आरपार पाहिली.

"सुलटं दार पाह्यलं असतं, तं भाऊ रडून वापस गेला असता, बाई. तसाच, मुक्यानं. उलटं दिसल्यावर थो गप्प राहूच शकत नाई." काडी पेटीत बसवून ते म्हणाले, "मले भांडण पाह्यजे होतं."

तेवढ्यात भाऊ आले. काठी टेकवली, वाकून पेटीत डोकावले आणि सुरू झाले, "ह्या कोनं कापल्या बे? दोन काड्या लहान हायेत!"

काकाजींनी चष्म्याचा दोरा कानावर सारखा केला आणि माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "रोज दोन लहान कापतो."